तुरुंगात बाळंत होणाऱ्या बाईच्या मनाकडे कोण बघतं?

बाळंतपण म्हटलं की माहेर, आईच्या हातचे डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती डोळ्यासमोर येते. पण बाळंतीण कारागृहात असेल तर? तिच्या पोटातल्या बाळासाठी कायद्यात बरंच काही आहे. तिच्या मनासाठी काय आहे, ते समजून घेऊ.

नागपूर खंडपीठानं काय म्हटलं?

नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर एका गर्भवती महिलेचा अर्ज आला. तिच्यावर अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा होता. या कायद्यात जामीन सहज मिळत नाही. तरीही न्यायालयानं तिला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. कारागृहाच्या वातावरणात बाळंतपण झालं तर त्याचा परिणाम आई आणि बाळ दोघांवरही होईल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

अशा किती महिला आहेत?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या कारागृहांत 1,537 महिला आपल्या 1,764 मुलांसह राहत होत्या. यातल्या बहुसंख्य कच्च्या कैदी होत्या. म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता.

बाळंतपणानंतर मनाचं काय होतं?

पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे अनेकींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. ते ओसरलं नाही, झोप उडाली, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. भास होणं, भलतेच संशय येणं हा त्याहून गंभीर आजार आहे. तो हजारात एक-दोघींना होतो, पण त्यात तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं.

गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयातल्या मातांचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांचा त्याच्याशी संबंध दिसला. या सगळ्या जणी मोकळ्या होत्या. कारागृहातल्या बाईच्या वाट्याला शिवाय खटल्याची टांगती तलवार, घरी राहिलेल्या मुलांची काळजी आणि आपल्या माणसांचं दुरावणं येतं.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. उपाध्याय प्रकरणात 2006 मध्ये सविस्तर निर्देश दिले. गर्भवती बंदीची तपासणी जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या स्त्री विभागात व्हावी. शक्यतो बाळंतपण कारागृहाबाहेर व्हावं. जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृहाचा उल्लेख नसावा. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं.

मनाचा विषय येतो तो मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये. कलम 103 नुसार कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा असतो. त्यात कारागृहात मानसिक आजार असलेला एकही बंदी नाही, असं प्रमाणित करायचं असतं. मेख इथेच आहे. कुणी विचारलंच नाही तर आजार दिसत नाही. बाळंतीण गप्प बसून असते, तिचा कुणाला त्रास नसतो. मग ती कागदावर ठणठणीत ठरते.

जालन्यात हा प्रश्न कसा दिसतो?

राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. म्हणूनच जालन्यात 365 खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला 2022 मध्ये मिळालेली मंजुरी महत्त्वाची आहे.

अंतराचाही प्रश्न आहे. बंदी छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहात असेल, तर जालन्याहून मुलाखतीला जायचं म्हणजे साधारण 60 किलोमीटर. मंठा, परतूरच्या घरच्यांना त्याहून लांब. रोजंदारी बुडवून किती वेळा जाणार?

मग लगेच करता येण्यासारखं काय आहे?

मोठं रुग्णालय उभं राहीपर्यंत थांबायची गरज नाही. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एडिनबर्ग प्रश्नावली फक्त दहा प्रश्नांची आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच ती विचारते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. प्रशिक्षित परिचारिकाही ती पाच-दहा मिनिटांत भरून घेऊ शकते. गर्भवती बंदीला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावंच लागतं. त्याच फेरीत हे प्रश्न विचारता येतील. गुण जास्त आले तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या तज्ज्ञांकडे पाठवता येईल.

दुसरा मार्ग जामिनाचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

ओळखीत कुणावर अशी वेळ आली असेल, तर वकिलासाठी 15100 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हे दोन क्रमांक नातेवाइकांनी जवळ ठेवावेत. पुढच्या मुलाखतीत बाळाची विचारपूस झाल्यावर तिलाही विचारावं: झोप लागते का, जेवण जातं का, मनात काय चाललंय? उत्तर काळजीचं वाटलं तर ते कारागृह अधीक्षकांना आणि वकिलाला लेखी कळवावं. लेखी कळवलं की त्याची नोंद राहते, आणि जामिनाच्या अर्जातही ती दाखवता येते.