शुक्राणूचे बाह्यावरण आणि अपत्यप्राप्ती : एक परिचय

न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर एखाद्या आरोग्यविषयाची ओळख करून देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा वंध्यत्वाचा, त्यातही पुरुषाच्या बाजूचा विषय घेतला आहे. स्त्रीरोग विभागात सून सासूबाईंसमवेत येते, तिच्या एकामागून एक तपासण्या होतात; आणि पतीच्या तपासणीचा विषय निघताच ‘त्याला काय झालंय?’ असा प्रतिप्रश्न येतो. म्हणूनच हे लिहिणे आवश्यक वाटले. आम्ही वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत. तेव्हा विवेचन सामान्य वाचकाच्याच भाषेत होईल.

मानवी वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. परंतु तेथून बाहेर पडणारा शुक्राणू आकाराने पूर्ण असला तरी कार्यक्षम नसतो. त्याला नीट पोहता येत नाही व स्त्रीबीजाशी संयोगही करता येत नाही. ही पात्रता त्याला अधिवृषणात प्राप्त होते. अधिवृषण म्हणजे वृषणाला चिकटून असलेली, वेटोळे घातलेली सूक्ष्म नलिका. उलगडल्यास तिची लांबी सुमारे ६ मीटर भरते. एवढा पल्ला पार करण्यास शुक्राणूला काही दिवस लागतात.

या प्रवासातील मुख्य घडामोड शुक्राणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत होते. शुक्राणूमधील जनुकद्रव्य इतके घट्ट बांधलेले असते की त्याला स्वतः नवीन प्रथिने बनविता येत नाहीत. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर, स्वतःचे उत्पन्न बंद, जे काही व्हायचे ते बाहेरून येणाऱ्या देणगीवर! अधिवृषणाच्या भित्तिका प्रथिने स्रवतात. काही प्रथिने सूक्ष्म पुटिकांमधून शुक्राणूकडे पोहोचतात. सीडी ५२ नावाचे प्रथिन स्निग्ध पदार्थाच्या नांगराने त्याच्या पटलात रुतून बसते. मूळची काही प्रथिने विकरांकडून कापली जातात, तर काही जागा बदलतात. गिनीपिगमध्ये फर्टिलिन हे प्रथिन वृषणातील शुक्राणूच्या संपूर्ण शीर्षावर पसरलेले असते; परिपक्व शुक्राणूत ते शीर्षाच्या मागील भागापुरतेच उरते.

बीटा डिफेन्सिन १२६ या प्रथिनाची कथा विशेष बोधक आहे. शर्करायुक्त असे हे प्रथिन शुक्राणूवर झुलीसारखे पसरते व गर्भाशयमुखातील चिकट स्राव ओलांडण्यास त्याला साहाय्य करते. ज्या पुरुषांत या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यांच्या पत्नींना गर्भधारणा होण्यास सरासरीने अधिक काळ लागतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अशा पुरुषांच्या शुक्राणूंची संख्या व हालचाल मात्र नेहमीच्या तपासणीत इतरांसारखीच दिसते. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ असूनही अपत्य नाही, याचा अर्थ दोष पत्नीचाच, असा निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून नाही.

अधिवृषणातून बाहेर पडल्यावरही काम संपत नाही. शुक्राणूला स्त्रीच्या जननमार्गात काही काळ राहावे लागते, हे १९५१ साली चँग व ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. तेथे पटलातील कोलेस्टेरॉल निघून जाते आणि चढविलेली आवरणे उतरतात. पुढे शीर्षाग्रावरील टोपी फुटून आत दडलेले इझुमो हे प्रथिन उघडे पडते. जपानी संशोधकांनी २००५ साली त्याला विवाहाशी निगडित असलेल्या इझुमो देवस्थानाचे नाव दिले. हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे शुक्राणू उत्तम पोहतात, स्त्रीबीजाचे कवचही भेदतात, पण बीजाशी एकरूप होत नाहीत. स्त्रीबीजावरील जोडीदार प्रथिन २०१४ साली सापडले. त्याचे नाव जूनो, रोमन लोकांची विवाहदेवता. शास्त्रज्ञही रसिक असतात म्हणायचे.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. शुक्राणूला अशी तयारी लागते हे कळल्यावरच शरीराबाहेरील फलनाची दिशा सापडली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी जन्मलेली बालिका हे त्याचेच फळ. १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची ‘इक्सी’ पद्धत उपलब्ध झाली. तीत पृष्ठभागाच्या या बहुतेक कसोट्या टळतात, त्यामुळे वृषणातून काढलेला शुक्राणूही चालतो. मात्र हा उपचार खर्चिक आहे व सर्वांनाच त्याची गरज नसते. आरंभ साध्या वीर्यतपासणीनेच करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पृष्ठभागावरील प्रथिने तीत दिसत नाहीत, पण पुष्कळ कारणे तीतच उघड होतात.

तपासणीपूर्वी २ ते ७ दिवस संयम पाळावा. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणल्यास तासाभरात, शरीराच्या उबेत पोहोचवावा. नजीकच्या काळात तीव्र ताप येऊन गेला असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्याचा परिणाम पुढील दोन-तीन महिने दिसू शकतो आणि अशा वेळी तपासणी पुन्हा करावी लागते.