कॅबिनेटचे झाकण काढले म्हणजे संगणक थंड राहतो काय?

ओळखीच्या एका घरातली ही गोष्ट. वडील गोदामात हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी बारावी कॉमर्स होऊन टॅली शिकते. तिच्या सरावासाठी घरच्यांनी पैसा पैसा जोडून एक जुना, वापरलेला संगणक घेतला. थंडीत तो बरा चालला. एप्रिलचे ऊन तापले आणि पत्र्याच्या खोलीत भर दुपारी संगणक आपोआप बंद पडू लागला. केलेले काम वाया जायचे, मुलगी रडकुंडीला यायची.

शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, कॅबिनेटचे साईडचे झाकण काढून टाका, आत हवा लागू द्या." झाकण काढले, समोर टेबल फॅन लावला. संगणक चालू लागला. सर्वांना वाटले, रोग गेला. पण महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच! दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आई मटकन खाली बसली.

वाचकहो, असा प्रसंग कोणाच्याही घरी येऊ शकतो. म्हणून झाकणाचा हा प्रश्न नीट समजून घेऊ.

हवेची वाट कशी असते?

आपल्या खोलीचेच उदाहरण घ्या. समोर दार आणि मागे खिडकी असली की वारा या बाजूने येतो व त्या बाजूने जातो. कॅबिनेटचेही तसेच आहे. पुढच्या जाळीतून थंड हवा आत येते, हार्ड डिस्क, मदरबोर्ड आणि प्रोसेसरवरून जाते व मागच्या पंख्याने बाहेर फेकली जाते. हवेला ही वाट मिळावी म्हणूनच चारही बाजू बंद असतात. झाकण हा त्या वाटेचा एक काठ आहे. काठ फोडला की पाणी जसे वाटेल तिकडे पसरते, तशी हवाही पसरते.

म्हणून झाकण काढल्यावर प्रोसेसर थोडा थंड झाला, तरी पुढच्या पंख्यामागे बसवलेली हार्ड डिस्क उलट अधिक तापू शकते. तिच्यावरून जाणारा वारा मध्येच बाजूने निघून जातो. आणि मुलांचा अभ्यास, फोटो, कागदपत्रे सारे त्या डिस्कवरच असते!

काही जुन्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक प्लास्टिकची नळी दिसते. २००० नंतरच्या काळात पेंटियम-४ जातीचे प्रोसेसर फार तापू लागले. त्यातले काही शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता टाकीत. त्यांना बाहेरची ताजी हवा थेट मिळावी म्हणून ही नळी झाकणाला बसवली गेली. अशा संगणकाचे झाकण काढणे म्हणजे त्याच्या तोंडची हवाच काढून घेणे.

मग झाकण काढल्यावर फरक का पडला?

कारण आतली वाट तुंबलेली होती. पुढची जाळी धुळीने भरली असेल, मागचा पंखा बंद पडला असेल, कॅबिनेट भिंतीला चिकटून ठेवले असेल किंवा कॅबिनेटच हलक्या प्रतीचे असेल, तर गरम हवा आत कोंडते. झाकण काढले की ती बाहेर पडते. म्हणजे उघड्या झाकणाने आराम पडणे हे औषध नव्हे, ते दुखण्याचे लक्षण आहे.

हे घरीच तपासता येते. प्रोसेसरचे तापमान दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात. झाकण लावून अर्धा तास नेहमीचे काम करा व आकडा वहीत लिहा. मग झाकण काढून, खोलीत तेवढाच उकाडा असताना, तेच काम करा. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर झाकण लावूनच ठेवा. फरक दहा अंशांच्या घरात असेल तर वाट कोठे तुंबली ते शोधा. एक ध्यानात ठेवा, पंखा फक्त खोलीचीच हवा फिरवतो. खोलीत चाळीस अंश असतील तर आतली हवा त्याहून थंड होणे शक्य नाही.

उघड्या कॅबिनेटचे धोके

आपल्या खोल्यांत स्वयंपाक व अभ्यास एकाच जागी होतो. फोडणीचा तेलकट धूर व रस्त्यावरची धूळ मिळून चिकट थर बसतो. उघड्या कॅबिनेटमध्ये झुरळ शिरते, पाल शिरते, चहा सांडतो. लहान मूल फिरत्या पंख्यात बोट घालते. हे सारे दोन-चार अंशांसाठी पत्करायचे काय?

सफाई अशी करा

संगणक बंद करून वायर काढा. मग चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेट गॅलरीत न्या. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. मऊ, कोरड्या ब्रशने जाळी, पंखे आणि प्रोसेसरवरचे हीटसिंक झाडा. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ओले फडके लावू नका. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्यात जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. संगणक फार जुना असेल तर प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळलेली असते. ती जाणत्याकडून बदलून घ्या. शेवटी कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा व झाकण लावा.

त्या घरीही शेवटी हेच केले. हीटसिंकच्या फटींत धुळीचा नुसता नमदा बसला होता, पेस्टची खपली झाली होती. उघड्या झाकणातून आत गेलेल्या धुळीने त्यात भरच घातली होती. मदरबोर्ड शाबूत होता. खर्च आला तो एक ब्रश आणि पेस्टची छोटी ट्यूब एवढाच. सफाई त्या मुलीने स्वतः केली, पेस्ट तिच्या क्लासच्या सरांनी लावून दिली.

यंत्र बंद पडले की आपण घाबरतो आणि दुसरा सांगेल तेवढे पैसे मोजतो. त्याआधी एकदा झाकण जरूर काढा. आत पाहण्यासाठी, समजून घेण्यासाठी. आणि काम झाले की परत लावा.