पट मांडा, पण नियमही वाचा

सापशिडी, ल्यूडो, कॅरम, बुद्धिबळ, सारीपाट हे खेळ म्हणजे लहान मुलांचे किंवा रिकामटेकड्यांचे काम, असा आपल्या घरांतून सर्वसाधारण समज आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला वेळ कुठे आणि खोकी विकत घ्यायला पैसे कुठे, हा प्रश्नही खराच आहे. तरीही गेली अनेक वर्षे आम्ही असे पट जमवीत आणि खेळत आलो आहोत. या छंदाने आम्हांला करमणूक दिली, पण त्याहून मोठी एक गोष्ट शिकवली. पटावरचा प्रत्येक नियम कोणा ना कोणा माणसाने केलेला असतो. तो कोणाच्या फायद्याचा आहे हे विचारता येते, आणि सर्वांचे एकमत झाले तर तो बदलताही येतो. ही गोष्ट मुलांना तोंडी सांगण्यापेक्षा पटावर दाखवणे फार सोपे जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

ट्रंकेतला संग्रह

संग्रह म्हटला की काचेची कपाटे डोळ्यांपुढे येतात. आमचा संग्रह पलंगाखालच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत मावतो. लहानमोठे चाळीसेक पट आहेत. काही रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेले, काही जुन्या बाजारातून आणलेले, तर काही नातेवाइकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेले. फुलीच्या आकाराचा एक कापडी सारीपाट आहे. पुठ्ठ्यावर रेघा मारून केलेली नवकंकरी आहे. चल्लस-आठचा पट तर ठेवावाही लागत नाही. फरशीवर खडूने पंचवीस घरे आखावीत, चार कवड्या घ्याव्यात आणि बसावे. फुली मारलेल्या घरात सोंगटी सुरक्षित, तिथे तिला कोणी मारू शकत नाही.

जुन्या खोक्यातल्या सोंगट्या क्वचितच पुऱ्या निघतात. हरवलेल्या सोंगटीच्या जागी शर्टाचे बटण चालते, कवडीऐवजी फोडलेला चिंचोका चालतो. नियमांचा कागद हरवला तर मात्र खेळच हरवतो. म्हणून वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः आज्यांना विचारून आम्ही नियम एका वहीत उतरवून घेतो. दोन गावच्या दोन आज्या एकाच खेळाचे वेगवेगळे नियम सांगतात, आणि दोघींनाही आपलाच नियम खरा वाटतो!

पट म्हणजे मुळात चार रेघा. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या परिसरात खडकात कोरलेले पट आणि गोट्या-बिया टाकून खेळण्याचे खळगे आजही दिसतात. ते कोणी कोरले, केव्हा कोरले, हे ठरवणे अभ्यासकांनाही अवघड जाते. पण विसाव्याला बसलेल्या माणसाने हातातल्या हत्याराने खडकावर पट कोरावा, यावरून या खेळांची ओढ किती जुनी आहे हे कळते.

फासा किती, डोके किती?

नवा पट हाती आला की आम्ही पहिला प्रश्न हा विचारतो. सापशिडीत सारे काही फासा करतो. ल्यूडोत किंवा सारीपाटात फासा दान देतो, पण कोणती सोंगटी पुढे काढायची हे आपण ठरवतो. बुद्धिबळात आणि नवकंकरीत फासा नाहीच. तिथे चुकले तर आपण चुकलो आणि जिंकलो तर आपण जिंकलो.

सापशिडी ही मूळची आपल्याच देशातली. जुन्या पटांना ज्ञानचौपड किंवा मोक्षपट म्हणत. वैष्णवांचे बहात्तर घरांचे आणि जैनांचे चौऱ्याऐंशी घरांचे पट प्रसिद्ध आहेत. शिडीच्या पायथ्याशी सद्गुणाचे नाव, सापाच्या तोंडाशी दुर्गुणाचे नाव. तिबेटमध्येही जन्मजन्मांतरातून मुक्तीकडे नेणारा असाच एक पट आहे आणि तो तेराव्या शतकातील साक्य पंडित यांच्या नावावर सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी सापशिडी विलायतेत नेली. पुढे घरांवरची नावे गळाली, साप आणि शिड्या तेवढ्या राहिल्या.

आता मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. सापाच्या तोंडी गेलेल्याने काय चूक केली? काहीच नाही, फाशाने नेले. आणि शिडी चढलेल्याने काय कमावले? तेही काही नाही. ज्या पटावर सद्गुणांची नावे लिहिली, त्याच पटावर खेळणाऱ्याच्या हाती काहीच ठेवले नाही. पाच वर्षांच्या पोराला सापशिडी जरूर द्यावी, त्याला आकडे मोजता येतात. पण मूल आठ-दहा वर्षांचे झाले की त्याच्यापुढे डोके चालवायला लावणारा पट ठेवावा.

चार वाघ, वीस बकऱ्या

असा एक पट म्हणजे वाघ-बकरी. याचे नाना प्रकार आपल्या देशात खेळले जातात. नेपाळातला प्रकार बाघचाल या नावाने ओळखला जातो. पंचवीस ठिकाणे, चार वाघ, वीस बकऱ्या. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो, पण पलीकडची जागा रिकामी असेल तरच. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. बकरीला कोणालाच मारता येत नाही. तिने वाघांची वाट अडवायची. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

नवखा खेळाडू नेहमी वाघ मागतो. दहा-बारा डाव झाले की त्याला कळते, एकटी बकरी मेलीच म्हणून समजा. पण जिच्या पाठीशी दुसरी बकरी उभी आहे, तिच्यावरून वाघाला उडी मारता येत नाही. यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. पोरे खेळता खेळता आपोआप समजतात.

एका लघुलेखिकेचा खेळ

'व्यापार' हा खेळ आपल्याकडे घरोघरी पोचला. मुंबई घ्यायची, दिल्ली घ्यायची, त्यावर घरे बांधायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून भाडे वसूल करायचे. बाकी सगळे कफल्लक झाले की खेळ संपतो. हा अमेरिकेतल्या मोनोपॉलीवरून घेतलेला आहे. पण मोनोपॉली कशावरून निघाली, ती हकिकत फार थोड्यांना ठाऊक आहे.

एलिझाबेथ मॅगी नावाची एक अमेरिकन बाई होती. लघुलेखिकेची नोकरी करून ती पोट भरत असे. जमिनीवर मूठभर लोकांची मालकी असल्यामुळे गरिबी येते, हा हेन्री जॉर्ज यांचा विचार तिला पटला होता. तो लोकांना समजावा म्हणून तिने एक खेळ तयार केला आणि जानेवारी १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. नाव होते 'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनमालकाचा खेळ. तिच्या पटाच्या एका कोपऱ्यात धरतीमातेवर केलेल्या श्रमातून मजुरी निर्माण होते, अशा अर्थाचे शब्द होते. तिथून फेरी पुरी करणाऱ्याला मजुरी मिळे. तिने नियमही दोन प्रकारचे केले. एका प्रकारात एकाची मक्तेदारी होऊन बाकीचे बुडत. दुसऱ्या प्रकारात संपत्ती वाढली की सर्वांना वाटा मिळे. पट तोच, सोंगट्या त्याच. फक्त नियम बदलला की गरीब-श्रीमंत ही गोष्ट बदलते, हे तिला दाखवायचे होते.

पुढे लोकांनी हाताने नकला काढून तिचा खेळ गावोगावी नेला. चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाने तो मित्रांकडून शिकून घेतला, आपल्या नावावर पार्कर ब्रदर्स या कंपनीला विकला आणि गडगंज पैसा मिळवला. १९३५ मध्ये कंपनीने मॅगीचे पेटंट पाचशे डॉलरला घेतले. त्यापलीकडे विक्रीतला वाटा तिला मिळाला नाही. १९४८ मध्ये ती वारली. राल्फ अन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७० च्या दशकात याच कंपनीशी कोर्टात झगडताना जुने कागद बाहेर काढले, तेव्हा जगाला तिची ओळख पटली. मक्तेदारीविरुद्ध केलेला खेळ मक्तेदारीचे कौतुक करणारा होऊन बसला, आणि करणारीचे नाव पुसले गेले. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही कथा आपल्या वाचकांना नवी नाही.

यातून पुढच्या लोकांनी काही धडा घेतला असे दिसते. १९८८ मध्ये न्युरेंबर्गच्या खेळणी-प्रदर्शनाच्या वेळी तेरा खेळकर्त्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या एका पुठ्ठ्यावर सह्या करून जाहीर केले, की ज्या खोक्यावर आमचे नाव छापणार नाही त्या प्रकाशकाला आम्ही खेळ देणार नाही. आज खोक्यावर कर्त्याचे नाव छापले जाते, ते अशा एकजुटीमुळे. १९९५ मध्ये 'कॅटन' हा गाजलेला खेळ करणारे क्लाउस टॉयबर दातांच्या कवळ्या बनवण्याचे काम करीत असत. त्यांच्या खेळात कोणीही मधूनच बाद होत नाही. २००८ च्या 'पँडेमिक' या खेळात तर सगळे खेळाडू मिळून रोगाच्या साथीशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. हे खेळ महाग आहेत, आम्हीही ते मित्रांकडेच खेळलो. पण खेळ म्हणजे एकाने दुसऱ्याला बुडवणेच, असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

खेळ वेगळा, जुगार वेगळा

बुद्धांनी खेळांना मनाई केली होती ना, असे आम्हांला काही उपासक विचारतात. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात अट्ठपद आणि दसपद, म्हणजे आठ-आठ आणि दहा-दहा घरांच्या पटांची नावे येतात हे खरे. पण तो उपदेश श्रद्धेने दिलेल्या अन्नावर राहणाऱ्या श्रमणांच्या वर्तनाविषयी आहे. गृहस्थासाठी सिगालोवाद सुत्त पाहावे. तिथे जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याचे वैर होते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, हाती असलेला पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही. आजही यातला एकही तोटा जुना झालेला नाही.

मोबाईलवर पैसे लावून ल्यूडो आणि रमी खेळता खेळता किती तरुणांनी पगार घालवला, हे वस्तीवस्तीत माहीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायद्याआधी घराने आपला नियम करावा. पटावर पैसा ठेवायचा नाही, एक रुपयासुद्धा नाही.

पटाजवळ कोण बसते?

चाळीत कॅरम मांडला की भोवती पुरुष आणि पोरे असतात. मुली पाणी आणून देतात. हा नियम मात्र कोणत्याही खोक्यात छापलेला नाही, तो आपणच केला आहे. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी एम. काझिमा हिने २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदके जिंकली. तिला बोर्डाजवळ बसू दिले नसते तर?

बुद्धिबळाचेही तसेच. पंजाबातल्या उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेले मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटिश विजेते झाले. त्याच घरी कामाला असलेल्या फातिमा यांनी १९३३ मध्ये महिलांचे ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. सुलतान खान यांना जागतिक संघटनेने मानद ग्रँडमास्टर म्हटले ते २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. मान मिळायला उशीर झाला, पण पटाने त्यांची जात-पात, हुद्दा काही विचारला नव्हता.

सुरुवात अशी करावी

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वाघ-बकरीचा पट आखावा. चार बटणे वाघांना, वीस चिंचोके बकऱ्यांना. खर्च काही नाही. आठवड्यातला एक तास ठरवावा, आणि त्या तासात टीव्ही व मोबाईल बंद. पहिला डाव सगळ्यांत धाकट्याने सुरू करावा. नियम मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. भांडण झाले तर बापाचा आवाज नव्हे, कागद प्रमाण मानावा. घरी 'व्यापार' असेल तर एकदा छापील नियमाने खेळावा, आणि दुसऱ्यांदा सारे भाडे मधल्या पेटीत टाकून प्रत्येक फेरीअखेर सारखे वाटून घ्यावे. मग मुलांना विचारावे, कोणता डाव बरा वाटला आणि का. उत्तर काहीही येवो, ते त्यांना विचार करून द्यावे लागेल.

आजी-आजोबांकडे एखादा जुना खेळ असेल तर तो नियमांसह वहीत उतरवून ठेवा. विहाराच्या वाचनालयात पुस्तकांशेजारी दोन पट आणि ही वही ठेवली, तर वस्तीतल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तिथे बसायला जागा होईल.