चर्चच्या गटासोबत नेपाळ-केनियाला जायचंय? तिकीट काढण्याआधी हे वाचा

अहिल्यानगर जिल्ह्यात मिशनरी हा शब्द नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं 1831 पासून सुरू झालं. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर या तालुक्यांतल्या अनेक ख्रिस्ती घरांचा इतिहास अशा कामाशी जोडलेला आहे. तेव्हा बाहेरून माणसं इकडं येत होती. आता इकडच्या चर्चमधल्या पोरापोरींपुढंही 10-15 दिवसांच्या परदेशी सेवादौऱ्याचा पर्याय असतो. कुठं आरोग्य शिबिर, कुठं मुलांसाठी सुट्टीतली शाळा, तर कुठं चर्च बांधायला मदत.

मन चांगलं असलं म्हणून कागद चुकलेले चालत नाहीत. तयारी अर्धवट राहिली तर पैसे जातात, तब्येत बिघडते आणि काही ठिकाणी तुरुंगाचीही वेळ येते. आपल्याकडून जायला जवळचा नेपाळ आणि लांबचा केनिया, या दोन देशांच्या उदाहरणावरून ही तयारी समजून घेऊ.

पासपोर्ट आधी, बाकी सगळं नंतर

मोठ्या माणसाचा 36 पानी पासपोर्ट 10 वर्षांसाठी मिळतो. साधी फी 1,500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी 2,000. अर्ज सरकारी पासपोर्ट सेवा वेबसाइटवर किंवा एम-पासपोर्ट सेवा ॲपवरच करावा. सरकारी साइटच्या पत्त्यात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. तशाच दिसणाऱ्या खोट्या साइट जादा पैसे उकळतात. पोलिस पडताळणी अर्जात दिलेल्या सध्याच्या पत्त्यावर होते, त्यामुळे त्या काळात माणूस आणि कागद दोन्ही हजर पाहिजेत.

दहावीची सनद, आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का, हे अर्जाआधीच बघावं. एका अक्षराच्या फरकासाठी तालुक्याच्या चकरा माराव्या लागतात. पासपोर्ट जुना असेल तर परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेली बरी.

नेपाळ : व्हिसा लागत नाही, पण कायदा कडक

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. इथंच बरेच जण फसतात. 15 ते 65 वयाच्या माणसाला फक्त आधार कार्डावर नेपाळच्या विमानात बसता येत नाही. 15 च्या आतल्या आणि 65 च्या वरच्यांना दुसऱ्या फोटो ओळखपत्रांची सवलत आहे.

पैशाचा हिशेब सोपा आहे. भारताचे 100 रुपये म्हणजे नेपाळचे 160. पाट्या देवनागरीत असल्यामुळे वाचताही येतात. पण भाषा जवळची वाटली म्हणून कायदाही आपल्यासारखाच असेल, असं समजू नये.

नेपाळच्या 2015 च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 नेपाळी रुपयांपर्यंत दंड. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर काढतात.

म्हणून गटातल्या प्रत्येकाला हे जाण्याआधी सांगितलंच पाहिजे. रस्त्यावर पत्रकं वाटणं, औषध देताना धर्म बदलण्याबद्दल बोलणं, घरोघरी जाऊन प्रचार करणं यातून केस होऊ शकते. पाहुणा गट विमानानं परत येतो, पण ज्या स्थानिक मंडळीनं त्यांना बोलावलं ती गावातच राहते. चौकशी तिच्या दारात येते. तिथल्या मंडळीनं 'हे करू नका' म्हटलं तर ते शेवटचं समजावं.

केनिया : ईटीए आणि पिवळ्या तापाची लस

केनियानं जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून ईटीए म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली. ती निघण्याआधीच काढावी लागते. अर्जात जाण्याचं खरं कारण लिहावं. कारण पर्यटन लिहून तिथं दुसरंच काम केलं तर अडचण होते.

खरी गफलत होते ती लसीत. केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो. तिथून भारतात परतताना या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते.

ही लस प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. अंड्याची ॲलर्जी असणारे, गरोदर बाया आणि साठीच्या पुढची माणसं यांनी आधी डॉक्टरला विचारावं.

व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला आणि समुद्रकिनाऱ्याला मलेरिया आहे. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू करून परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात. घरी आल्यावर ताप आला, मग तो दोन महिन्यांनी का असेना, प्राथमिक आरोग्य केंद्रात 'आफ्रिकेत जाऊन आलोय' हे पहिल्यांदा सांगावं. तिथला मलेरिया अंगावर काढला तर जिवावर बेततो.

आणखी एक. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. चिवडा, लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावेत. नैरोबी उंचावर आहे, जून ते ऑगस्टमध्ये तिथं स्वेटर लागतो.

काम काय करणार, हे आधी ठरवा

बोलावणाऱ्या मंडळीला नेमकं काय हवंय, हे लेखी विचारावं. भिंती रंगवायला दहा जण विमानानं जातात आणि गावातला रंगारी घरी बसतो, असं होऊ नये. याउलट कुणी संगणक शिकवू शकतं, कुणी शिवणकाम, कुणी पंप दुरुस्ती. असं शिकवलेलं काम गट निघून गेल्यावरही टिकतं.

आरोग्य शिबिर असेल तर डॉक्टर-नर्सना तिथल्या नियामक परिषदेची तात्पुरती परवानगी लागते. हौशी माणसानं इंजेक्शन देणं आपल्याकडं जसं चुकीचं, तसंच तिथंही.

अनाथाश्रमाच्या भेटीबाबत जास्तच सावध राहावं. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा बाप हयात असतात. पाहुण्यांकडून देणग्या मिळतात म्हणून मुलं घरापासून आणून ठेवल्याची प्रकरणं तिथं उघडकीला आली आहेत. मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत आणि स्टेटसला तर लावूच नयेत.

पैसे आणि फसवणूक

वर्गणी गोळा केली असेल तर पावती आणि हिशेब चर्चच्या कमिटीपुढं ठेवावा. बाहेर जाताना 25,000 पर्यंत भारतीय रुपये नेता येतात. परदेशी चलन अधिकृत बँकेतून किंवा परवानाधारक केंद्रातूनच घ्यावं. प्रवास विमा काढावा आणि पॉलिसीत दवाखान्याचा खर्च किती धरलाय ते वाचावं.

सरकारी नोकरांनी खात्याची परवानगी घ्यावी. खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर एफसीआरए कायद्यानुसार केंद्राची पूर्वपरवानगीही लागते.

'सेवेच्या गटातून पाठवतो, तिथं गेल्यावर नोकरी लावून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबावं. सेवादौरा आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात ठेवायला देऊ नये.

कधी काय करायचं

- चार महिने आधी : पासपोर्ट, बोलावणाऱ्यांचं लेखी पत्र, खर्चाचा अंदाज.
- दोन महिने आधी : डॉक्टरचा सल्ला, लस, विमा, नोकरदारांची परवानगी.
- एक महिना आधी : ईटीए, गटाची बैठक, तिथले कायदे आणि चार शब्द. स्वाहिलीत 'जाम्बो' म्हणजे नमस्कार, 'असांते' म्हणजे धन्यवाद.
- आठवडाभर आधी : रोजची औषधं चिठ्ठीसह, कागदांच्या दोन झेरॉक्स.

एक झेरॉक्स बॅगेत आणि दुसरी घरी ठेवावी. काठमांडूचा भारतीय दूतावास किंवा नैरोबीचं भारतीय उच्चायुक्तालय, जिथं जायचं तिथला नंबर घरच्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्यावा. तिकडं पासपोर्ट हरवला, तर पहिली धावपळ घरच्यांनाच करावी लागते.