बर्फावरचा पहिला दिवस

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आपल्याकडील तरुण मंडळींचे उत्तरेच्या सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी हिमालय म्हणजे बद्री-केदार, आणि तेही उतारवयात, अशी रीत होती. आता गुलमर्ग, औली, मनाली ही नावे बुलडाणा-खामगावच्या घरांतही सहज ऐकू येतात. नुसता बर्फ पाहून समाधान होत नाही. पायाला स्की बांधून त्यावरून घसरायचेही असते. त्यातही काही धाडसी मंडळी तयार केलेल्या उतारावर न रमता वाटाड्याबरोबर मोकळ्या डोंगरात शिरतात.

या दुसऱ्या प्रकारात पाळणा नाही की दोरी नाही. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस मागच्या बाजूला वळलेले असल्यामुळे पाऊल पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सील नावाच्या प्राण्याच्या कातड्याची असे. टाच मोकळी ठेवून पाऊल-पाऊल सरकवीत तीन-चार तास चढायचे, माथ्यावर पट्ट्या सोडवायच्या, टाच अडकवायची आणि थोडक्या वेळात खाली यायचे. म्हणजे पाहणाऱ्याला घसरण्याचा वाटणारा हा खेळ खरे तर चढण्याचा आहे. आरोग्याचा प्रश्न येतो तो इथेच.

बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. गुलमर्ग आहे २६५० मीटरवर, आणि तेथील पाळणा अफरवटच्या अंगावर सुमारे ३९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण आपल्याइतकेच, २१ टक्के असते. परंतु हवेचा दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम ६० टक्के भरतो. शरीर ही तूट भरून काढते, पण त्याला दिवस लागतात. आपण मात्र आज विमानाने उतरतो आणि उद्या सकाळी स्की बांधून उभे राहतो.

वाचक म्हणतील, आमचा मुलगा रोज व्यायाम करतो, त्याला काय होणार? हाच गैरसमज घातक आहे. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांच्याकडे एक धडधाकट तरुण आला होता. स्कीवरून उंच खिंड ओलांडताना त्याला धाप लागली होती आणि फुप्फुसांत पाणी झाले होते. अशा रुग्णांना तोवर न्यूमोनिया म्हटले जाई. ह्यूस्टन स्वतः गिर्यारोहक; १९५३ च्या के-टू मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले होते. हा न्यूमोनिया नसून उंचीमुळे फुप्फुसांत पाणी होण्याचा आजार आहे, असे त्यांनी १९६० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढे आपल्या लष्करातील डॉ. इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयात तैनात जवानांचा अभ्यास केला. उंचीच्या आजाराबद्दलचा त्यांचा १९६९ चा लेख १९२५ जवानांवर आधारलेला होता आणि जगभरचे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. हे जवान काही दुबळे नव्हते. दणकट माणूस उलट अधिक वेगाने चढतो आणि अधिक लवकर संकटात सापडतो.

पहिले लक्षण अगदी साधे असते. उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते, मळमळते, जेवण नको वाटते, झोप लागत नाही. थकवा असेल, प्रवासाचा शीण असेल, असे म्हणून माणूस गोळी घेतो आणि गप्प बसतो. चारचौघांत आपणच कच्चे ठरू नये ही लाजही असते. पैसे भरलेले असतात ते वेगळेच! माझे सांगणे एवढेच, की उंचीवर डोके दुखले तर दुसरे कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच समजावे. ज्या दिवशी दुखते त्या दिवशी वर जाऊ नये. बरे वाटले तर पुढे जावे, वाढले तर खाली उतरावे.

बसल्या जागी धाप, कोरडा व नंतर फेसाळ खोकला, ओठ निळसर होणे, ही फुप्फुसांत पाणी झाल्याची चिन्हे आहेत. बहुधा दुसऱ्या रात्री ती दिसू लागतात. मेंदूला सूज आली तर माणूस असंबद्ध बोलतो, त्याचा तोल जातो. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल तर सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू मिळाला तर द्यावा, ऊब द्यावी आणि त्याच क्षणी खाली न्यावे. कोविडच्या काळात घरोघर आलेले ऑक्सिमीटर बरोबर न्यायला हरकत नाही, पण उंचीवर सर्वांचाच आकडा उतरतो. आकड्याकडे पाहत बसण्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी प्रतिबंधासाठी उपयोगी आहे. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार होते. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे. कोणतीही गोळी मित्राच्या पिशवीतून न घेता आपल्या डॉक्टरांकडून घ्यावी. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. तिने कातडी गरम लागते आणि शरीर आतून गार पडते.

आपल्या विदर्भाला आणखी एक गोष्ट लागू आहे. सिकलसेलचे वाहक येथे पुष्कळ आहेत आणि अनेकांना आपण वाहक आहोत याचा पत्ताच नसतो. एरवी त्यांना काही त्रास नसतो. पण उंचीवर प्राणवायू कमी पडला की रक्तपेशी वाकड्या होऊन प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली असह्य कळ येते आणि ती पोटदुखी समजली जाते. कुटुंबात कोणाला सिकलसेल असेल तर जाण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी. खर्च फारसा नाही. हृदयविकार व अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढूच नये.

डोळ्यांना काळा, बाजूने बंद असलेला चष्मा हवा, ढग असले तरी. ताज्या बर्फावरून सूर्याचे अतिनील किरण सुमारे ८० टक्के परत फिरतात. दिवसभर काही जाणवत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. बोटे पांढरी व बधिर झाली तर बर्फाने चोळू नयेत आणि शेकोटीवरही धरू नयेत. कोपराला सोसेल अशा कोमट पाण्यात बुडवावीत, तीही पुन्हा गारठण्याची शक्यता नसेल तरच.

हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ पातळ असतो, दगड झाकतो पण सांभाळत नाही. कडक थंडीत जमिनीलगतचा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा होतो आणि त्यावर नवा बर्फ पडला की सगळा उतारच घसरू शकतो. भर हंगामातही धोका असतोच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. गाडल्या गेलेल्या माणसाला मुख्यतः गुदमरण्याचा धोका असतो आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तरच बहुधा वाचतो. तेव्हा सोबत्यांकडे शोधयंत्र व फावडे नसेल आणि वाटाड्या नको म्हणत असेल, तर त्या दिवशी खालच्या उतारावरच खेळावे.

तयारीसाठी दूर जायला नको, राजूर घाट आहे. दोन महिने आधीपासून पाठीवर पाच-सात किलोचे ओझे घेऊन चढावे आणि मुख्य म्हणजे पायीच उतरावे. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत काम करतात आणि स्कीवरही नेमके तेच होते. ही सवय नसेल तर पहिल्या दिवसानंतर मांड्या अशा भरून येतात की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, आणि थकलेल्या पायांनीच गुडघा पिरगळतो.