चक्का घरीच टांगा, श्रीखंड हमखास जमतं!

भिशीतल्या मैत्रिणींनी श्रीखंडाची कृती मागितली होती, म्हणून सविस्तर लिहितेय. सगळी मदार चक्क्यावर आहे. २ लिटर म्हशीच्या सायीसकट दुधाचं घट्ट दही लावा. ते नीट लागलं की लगेच टांगा. ताटकळत ठेवलं तर आंबट होतं आणि मग कितीही साखर घाला, चव सुधारत नाही. स्वच्छ मलमलच्या फडक्यात दही घालून पुरचुंडी बांधा आणि टांगा. उन्हाळ्यात मात्र ती चाळणीत ठेवून, खाली पातेलं लावून फ्रिजमध्येच रात्रभर निथळू द्या. सकाळी चक्का बोटाला पाणी न लागता सुटा निघाला पाहिजे.

आता वाटीने मोजा: जितका चक्का, त्याच्या पाऊणपट ते तेवढीच साखर. दोन्ही कालवून तासभर झाकून ठेवा, साखर विरघळते. मग पुरणयंत्रातून काढा. हा टप्पा मिक्सरवर उरकू नका, श्रीखंड पातळ होतं. पुरणयंत्राच्या जाळीतून उतरलेल्या श्रीखंडाचा रेशमी मऊपणा विकतच्या डब्यात मला तरी कधी मिळाला नाही.

कोमट दुधात खललेलं केशर, वेलची, किंचित जायफळ, चिमूटभर मीठ, वरून चारोळी. आम्रखंडासाठी हापूसचा आटवलेला रस घाला आणि साखर कमी करा.

चक्का निथळताना खाली साचलेलं पाणी फेकू नका, थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा.

तुमच्याकडे साखरेचं प्रमाण काय असतं? नक्की लिहा.