कथेचें पुनर्लेखन

कथा लिहून झाली कीं नवा लेखक ती तत्काळ मासिकाकडे धाडतो. ही घाई बहुधा अंगाशीं येते. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर यानें 'मादाम बोव्हारी' १८५१ सालीं लिहावयास घेतली. ती पुरी व्हावयास १८५६ साल उजाडलें. त्यापूर्वीं, १८४९ सालीं, आपली एक दीर्घ कृति त्यानें दोन मित्रांना वाचून दाखविली, तेव्हां ती अग्नीच्या स्वाधीन करावी असा सल्ला त्यांनीं दिला होता. (असे मित्र लाभणेंहि भाग्याचेंच!)

क्रॉआसे येथील घरीं फ्लोबेर आपलीं वाक्यें मोठ्यानें, जवळजवळ ओरडून, म्हणून पाही. जेथें श्वास कोंडे तें वाक्य सदोष ठरे. लेखकाच्या मनांत जें असतें तें त्याच्या डोळ्याला कागदावरहि दिसतें. कान मात्र अशी भीड धरीत नाहीं. एका परिच्छेदांत चारदां आलेलें 'आणि', खेडवळ म्हातारीच्या तोंडीं पडलेली पंडिती भाषा, संवाद संपल्यावर त्याचाच अर्थ सांगणारें वाक्य, हें सारें तो पकडतो.

'तिला अतिशय दुःख झालें' हें वाक्य मोठ्यानें वाचून पाहावें. त्यांत दुःख ऐकूं येत नाहीं. 'तिनें दोन ताटें घेतलीं, आणि एक परत फळीवर ठेवलें' असें लिहिल्यास तें ऐकूं येतें, व पहिल्या वाक्याचें प्रयोजन उरत नाहीं. तें आवडतें असलें तरी खोडावें. जुना खर्डा मात्र कथा छापून येईपर्यंत जपून ठेवावा. खोडण्याच्या भरांत कधीं कधीं चांगलें वाक्यहि जातें.